पडदा तपासायचा तो दिसतंय तोवरच: मधुमेहींसाठी पहिल्या तपासणीपासून इंजेक्शनपर्यंतचं मार्गदर्शन

मधुमेह असलेल्या माणसाला "डोळे तपासले का?" असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, परवाच नंबर काढून आलो." नंबर काढणं वेगळं आणि पडदा तपासणं वेगळं. या एका गैरसमजापायी आपल्याकडे राखता आली असती अशी नजर जाते, म्हणून सुरुवात इथूनच करतो. नंबर काढताना समोरचा तक्ता वाचता येतो की नाही एवढंच कळतं. आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या फुगल्यात का, पाझरतायत का, हे त्यातून कळायला मार्ग नाही. तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या, ६/६ म्हणजे पूर्ण नजरेच्या माणसाच्या पडद्यावरही त्याच वेळी रक्ताचे ठिपके असू शकतात.

पडद्याचे आजार अनेक आहेत. हा लेख मुख्यतः मधुमेहामुळे होणाऱ्या आजाराबद्दल आहे, ज्याला डॉक्टर डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. कारण साधं आहे: हा आजार कुणाला होऊ शकतो हे आधीपासून माहीत असतं, तो दिसायच्या आधी सापडतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तरीही लोक उशिरा पोचतात. बाकीच्या आजारांबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे.

आत नेमकं काय होतं

डोळ्याच्या आतल्या मागच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असा पडदा असतो. त्याच्या मधोमध एक छोटी जागा असते, मॅक्युला. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं ही सगळी बारीक कामं या जागेवर चालतात.

रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पडद्यावरच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांना फुगे येतात, त्यातून रक्त आणि चरबीयुक्त पाणी झिरपतं. हे पाणी मॅक्युलात साचलं तर तिथे सूज येते आणि अक्षरं धूसर व्हायला लागतात. दुसरीकडे काही वाहिन्या बंद पडतात, पडद्याच्या त्या भागाला प्राणवायू मिळत नाही, आणि उपाशी पडलेला पडदा नव्या वाहिन्या उगवायचा निरोप देणारं एक रसायन सोडतो. नव्या वाहिन्या येतातही, पण त्या कच्च्या असतात. कधीही फुटतात आणि डोळ्यात रक्त भरतं. पुढे त्यांच्याभोवती जाळी धरते, ती आकसते आणि पडदा ओढून सोडवते.

पडद्याला वेदना कळत नाही. त्यामुळे यातलं बहुतेक सगळं घडत असताना डोळा दुखत नाही, लाल होत नाही, चुरचुरत नाही. त्रास नाही म्हणून तपासणी नाही, हा हिशोब इथे चालत नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 'इंडियाब' या पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर आजाराच्या खुणा सापडल्या होत्या, म्हणजे साधारण सहांमागे एक. वेळेवर तपासणी केल्याने काय साधतं याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. तिथे २००३ पासून मधुमेहींच्या पडद्याचे दरवर्षी फोटो काढायची देशव्यापी योजना सुरू झाली. २००९-१० च्या नोंदींचा अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं, की कामकऱ्या वयातल्या अंधत्वाच्या कारणांत पाच दशकांत पहिल्यांदाच मधुमेही पडद्याचा आजार पहिल्या क्रमांकावर राहिला नव्हता. तिथे वेगळं काही जादूचं औषध वापरलं नव्हतं. नव्या उपचारांनी आणि साखरेच्या चांगल्या नियंत्रणाने मदत केली असेल, पण मुख्य फरक होता तो लोकांना बोलावून, वेळेत तपासण्याचा.

पायरी १: तपासणी कधी करायची

प्रौढ वयात होणारा मधुमेह, म्हणजे टाइप २, ज्या आठवड्यात निदान झालं त्याच सुमारास पडद्याची पहिली तपासणी करून घ्या. "आत्ताच तर साखर निघालीय, एवढ्यात डोळ्यांना काय होणार?" असं वाटतं. पण निदान आत्ता झालं म्हणजे साखर आत्ता वाढली असं नसतं. ती कित्येकदा काही वर्षं गुपचूप वाढलेली असते. मुलांना आणि तरुणांना होणाऱ्या टाइप १ मध्ये निदानापासून पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी पुरते. त्यानंतर दोन्ही प्रकारांत वर्षातून एकदा. ही तारीख वाढदिवसाला, दिवाळीला किंवा गाडीच्या विम्याला बांधून टाका, म्हणजे विसरत नाही.

पुढच्या चार प्रसंगी मात्र वर्ष पुरं व्हायची वाट पाहू नका.

आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस राहणार असतील तर त्याआधी, नाहीतर पहिल्या तीन महिन्यांत पडदा तपासायलाच हवा. गरोदरपणात हा आजार वेगाने वाढू शकतो. (फक्त गरोदरपणात उद्भवलेल्या साखरेसाठी या तपासणीची सहसा गरज पडत नाही.)

साखर खूप जास्त आहे आणि डॉक्टर आता इन्सुलिन किंवा वजन उतरवणारं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन सुरू करणार आहेत, तेव्हा. बरीच वर्षं वाढलेली साखर झपाट्याने खाली आणली तर आधीच खराब असलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. याचा अर्थ औषध टाळायचं असा नाही. साखर खाली आणणं दीर्घ पल्ल्यात डोळ्यांच्याही फायद्याचंच. फक्त सुरू करण्याआधी पडद्याची अवस्था माहीत हवी.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी. शिबिरातून मोतीबिंदू काढून आलेली मंडळी "ऑपरेशन फसलं, दिसत नाही" म्हणतात, तेव्हा अनेकदा ऑपरेशन चोख झालेलं असतं आणि दोष मागच्या पडद्यात असतो. शिवाय मॅक्युलाला आधीच सूज असेल तर मोतीबिंदू काढल्यावर ती वाढू शकते. म्हणून मधुमेहीने शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी "पडदा पाहिलात का?" हा प्रश्न विचारावाच.

आणि चौथी वेळ म्हणजे मूत्रपिंडावर परिणाम झाल्याचं निघालं, लघवीतून प्रथिनं जायला लागली, तेव्हा. दोन्हीकडे बिघडतात त्या बारीक रक्तवाहिन्याच. एकीकडे नुकसान दिसलं की दुसरीकडेही बघायचं.

पायरी २: कुठे जायचं आणि काय म्हणायचं

चष्म्याच्या दुकानात ही तपासणी होत नाही. साध्या नेत्रतज्ज्ञाकडे होते, आणि पहिल्या तपासणीसाठी ते पुरेसं आहे. थेट रेटिना स्पेशालिस्टच (फक्त पडद्याचे आजार पाहणारा डॉक्टर) गाठला पाहिजे असं नाही. ग्रामीण भागात सुरुवात ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यापासून करता येते. ते पुढे उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. मुंबईतली जे.जे. आणि केईएम, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज अशा शिकवणाऱ्या रुग्णालयांत नेत्रविभाग असतो. धर्मादाय रुग्णालयांचा पर्यायही आहे, पुण्याचं एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय त्यांपैकी एक.

काही मधुमेहतज्ज्ञांच्या दवाखान्यातच आता पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा असतो. फोटो संगणकाने वाचायची सोयही आली आहे. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी अशी प्रणाली जगापुढे मांडली, तेव्हा मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाचे आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे डॉक्टर त्या कामात सहभागी होते. चाळणी म्हणून ही सोय उत्तम. फोटोत दोष निघाला, किंवा फोटो "नीट आला नाही" असं सांगितलं, तर मात्र डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहणं टाळू नका. धूसर फोटो म्हणजे निर्दोष डोळा नव्हे.

केसपेपर काढताना नुसतं "डोळे दाखवायचेत" म्हणालात तर नंबर काढून परत पाठवायची शक्यता असते. असं सांगा: "मला इतक्या वर्षांपासून शुगर आहे, थेंब टाकून पडदा तपासायचा आहे." या एका वाक्याने पुढचं सगळं नीट होतं.

पायरी ३: तपासणीचा दिवस

बाहुली मोठी करायचे थेंब टाकले जातात. ते चढायला अर्धा तास लागतो, काळ्या गडद डोळ्यांना कधी जास्त, मग पुन्हा थेंब टाकतात. त्यानंतर चार ते सहा तास जवळचं वाचता येत नाही आणि उजेड खुपतो. म्हणून:

- सोबत कुणीतरी न्या. त्या दिवशी दुचाकी किंवा गाडी चालवू नका, एसटीने किंवा रिक्षाने जा.
- गॉगल किंवा छत्री-टोपी ठेवा.
- सकाळचं खाणं आणि मधुमेहाच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या. उपाशीपोटी रांगेत बसून साखर उतरल्याने चक्कर आलेले लोक ओपीडीत नेहमी दिसतात. पिशवीत डबा आणि साखरेची पुडी असू द्या.
- तीन महिन्यांच्या साखरेचा म्हणजे एचबीए१सीचा रिपोर्ट, रक्तदाबाची नोंद, चालू गोळ्यांची यादी आणि आधीचे डोळ्यांचे कागद बरोबर न्या.
- काचबिंदू असेल, किंवा पूर्वी थेंब टाकल्यावर डोळा दुखून उलट्या झाल्या असतील, तर थेंब टाकायच्या आधी सांगा.

मग डॉक्टर डोक्यावर दिवा लावून किंवा मशीनवर हनुवटी टेकवायला सांगून भिंगातून पडदा पाहतात. प्रखर उजेडाने पाणी येतं, दुखत नाही.

गरज वाटली तर पुढच्या तपासण्या सांगतात. ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन. सुई नाही, स्पर्श नाही, काही मिनिटांत होतं. सूज आहे का आणि किती, हे त्यातून नेमकं कळतं. अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून पिवळा रंग सोडून भराभर फोटो घेतात. त्यानंतर दिवसभर लघवी गडद पिवळी होते आणि कातडीवर पिवळी झाक येते. घाबरायचं कारण नाही. काहींना मळमळतं. कसली ॲलर्जी असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगायला हवं. डोळ्यात रक्त भरून आतलं दिसतच नसेल तर सोनोग्राफी करतात.

पायरी ४: कागदावर काय लिहिलंय

डॉक्टरांना वेळ कमी असतो आणि आपण घाबरलेले असतो, त्यामुळे कागद बऱ्याचदा न समजताच फाइलमध्ये जातो. काही अक्षरं ओळखीची करून घ्या. ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. बीसीव्हीए म्हणजे चष्मा लावून मिळणारी सर्वांत चांगली नजर.

डीआर म्हणजे डायबेटिक रेटिनोपॅथी; "नो डीआर" असेल तर पडद्यावर काही नाही, वर्षाने या. "एनपीडीआर" म्हणजे आजार सुरू झालाय, नव्या कच्च्या वाहिन्या अजून आलेल्या नाहीत. त्यापुढे माइल्ड (सौम्य), मॉडरेट (मध्यम) किंवा सिव्हिअर (तीव्र) लिहिलेलं असतं. माइल्डला सहा महिने ते वर्षाने, मॉडरेटला तीन ते सहा महिन्यांनी, सिव्हिअरला तीन महिन्यांच्या आतच पुन्हा दाखवायचं असतं. सिव्हिअर हा शब्द दिसला तर रेटिना स्पेशालिस्टची वेळ घ्या. या अवस्थेतल्या सुमारे निम्म्या डोळ्यांत वर्षभरात पुढची पायरी येते, हे १९८०च्या दशकातल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून माहीत झालं आहे. "पीडीआर" म्हणजे कच्च्या वाहिन्या उगवल्या. इथे महिनाभरसुद्धा थांबायचं नाही.

"डीएमई" वेगळं लिहितात. ही मॅक्युलाची सूज, आणि ती कोणत्याही अवस्थेत येऊ शकते. ओसीटीच्या कागदावर मधल्या चकतीत मायक्रॉनमध्ये एक आकडा असतो, मधल्या भागाच्या जाडीचा. निरोगी डोळ्यात तो साधारण ३००च्या आत असतो, यंत्रागणिक थोडा फरक पडतो. पुढच्या वेळी त्याच यंत्रावर स्कॅन करून घेतलं तर तुलना खरी होते. हे आकडे तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. दवाखाना बदलला, तालुका बदलला, की ती वहीच तुमचा इतिहास सांगते.

पायरी ५: उपचार ठरवताना

इथे रुग्ण सर्वाधिक गोंधळतात, आणि अर्ध्यात सोडून देण्याचं प्रमाणही इथेच मोठं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॅक्युलाच्या सुजेवर आज पहिला उपाय डोळ्यातलं इंजेक्शन. "डोळ्यात सुई" ऐकूनच माणूस उठून जातो. प्रत्यक्षात डोळा थेंबांनी बधिर करतात, बीटाडीनने स्वच्छ करतात, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून चिमटा लावतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागात, अतिशय बारीक सुईने थेंबभर औषध सोडतात. सुईचं काम काही सेकंदांचं. त्या रात्री चुरचुरतं, ते बहुधा बीटाडीनमुळे. दिवसभर काळे बुडबुडे तरंगताना दिसू शकतात, पांढऱ्या भागावर लाल डागही पडतो आणि आठवडा-दोन आठवड्यांत विरतो.

औषधं प्रामुख्याने तीन: बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट. पहिलं मुळात कर्करोगासाठी बनलेलं, डोळ्यासाठी त्याची छोटी मात्रा वापरतात, आणि ते बाकी दोघांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. रॅनिबिझुमॅबची भारतीय आवृत्ती २०१५ पासून मिळते, तीही मूळ कंपनीच्या औषधाहून स्वस्त. मग स्वस्त औषध म्हणजे कमी प्रतीचा उपचार का? २०१५ सालीच या तिघांची थेट तुलना करणारा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. सुरुवातीची नजर ६/१२ (चांगल्या नजरेला १२ मीटरवरून वाचता येतं ते ६ मीटरवरून वाचता येणं) किंवा त्याहून चांगली असेल तर वर्षअखेरीस तिन्ही औषधांचा गुण सारखाच दिसला. नजर त्याहून खालावलेली असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरलं. माझ्या मते प्रत्येक रुग्णाला हे ठाऊक असायला हवं. लवकर आलेल्या माणसाला स्वस्त औषधात तितकाच गुण मिळतो. उशीर झाला की महाग औषधाची गरज वाढते. तेव्हा डॉक्टरांना संकोच न करता विचारा: "माझ्या नजरेला स्वस्त औषध चालेल का? एका बाटलीतून अनेकांना देत असाल तर मात्रा कुठे आणि कशी वेगळी करून येते?"

दुसरा प्रश्न पैशांचा नि वेळेचा: किती इंजेक्शनं? त्याच अभ्यासात पहिल्या वर्षी साधारण नऊ-दहा लागली, दुसऱ्या वर्षी पाच-सहा. सुरुवातीला महिन्याला एक. दोन इंजेक्शनांनंतर बरं दिसायला लागलं की लोक यायचे थांबतात, औषधाचा असर सरतो, सूज परत येते, आणि "इंजेक्शनाने काही होत नाही" असं गावभर होतं. पहिलं घेण्याआधीच वर्षाचा खर्च आणि येण्या-जाण्याचा हिशोब घरात बसून मांडा. परवडणार नसेल तर ते आधी सांगा. डॉक्टर औषध बदलू शकतात, स्टेरॉइडची जास्त काळ टिकणारी गोळी डोळ्यात बसवू शकतात, लेसरची जोड देऊ शकतात. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल तर तेही सांगायलाच हवं.

नजर अजून जवळजवळ पूर्ण असताना थोडी सूज निघाली तर डॉक्टर "थांबून लक्ष ठेवू" म्हणतील. तेही अभ्यासाला धरून आहे. पण लक्ष ठेवणं म्हणजे ठरलेल्या तारखेला येणं.

आता पीडीआर, कच्च्या वाहिन्यांचा आजार. त्यावर जुना आणि भक्कम उपाय लेसर. पडद्याच्या कडेच्या भागावर हजाराहून अधिक बारीक डाग दोन-तीन बैठकींत देतात, म्हणजे उपाशी भागाची मागणी कमी होऊन कच्च्या वाहिन्या सुकतात. १९७०च्या दशकातच सिद्ध झालं होतं, की याने गंभीर दृष्टिनाशाचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. लेसरने नजर वाढत नाही, आहे ती राखली जाते. ही अपेक्षा आधीच स्पष्ट असली तर नंतर निराशा होत नाही. रात्रीची आणि कडेची नजर थोडी कमी होऊ शकते.

कच्च्या वाहिन्या इंजेक्शनांनीही सुकतात, आणि नियमित येणाऱ्यांत दोन्हींचा गुण तोडीस तोड दिसला आहे. पण नियमित येणं जमलं नाही तर? उपचार मध्येच तुटलेल्या रुग्णांत, नुसतं इंजेक्शन घेतलेल्यांचे डोळे लेसर झालेल्यांपेक्षा जास्त बिघडलेले आढळले. बीडमधून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारं कुटुंब मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. जहाजावर जाणारा खलाशी, बदलीचा नोकरदार, दूरच्या पाड्यावर एकटं राहणारं म्हातारं माणूस, यांचंही तेच. अशांनी डॉक्टरांना अगदी स्पष्ट सांगावं: "मी पुढचे पाच महिने येऊ शकणार नाही." हे ऐकल्यावर बरेच डॉक्टर निघायच्या आधी लेसर पूर्ण करतील. न सांगता गेलात तर त्यांना कळणार कसं?

रक्त भरलं आणि ते विरेना, किंवा जाळीने पडदा ओढला, तर शस्त्रक्रिया, व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्याच्या आतला जेलीसारखा पदार्थ रक्तासकट काढून टाकणं. गरजेप्रमाणे आत तेल किंवा गॅस भरतात. मग काही दिवस पालथं झोपायला किंवा मान खाली ठेवायला सांगतात, ते पाळणं हा शस्त्रक्रियेचाच भाग समजा. गॅस भरला असेल तर तो विरेपर्यंत विमानप्रवास पूर्ण बंद. घाटातलाही प्रवास विचारूनच करा: उंचीवर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढू शकतो. मुंबईला शस्त्रक्रिया करून बोरघाट चढून घरी जाणाऱ्यांनी, किंवा पुण्याहून महाबळेश्वर-पाचगणीला परतणाऱ्यांनी, सुट्टी मिळायच्या आधी हा प्रश्न विचारावा. दुसऱ्या कसल्या कारणाने भूल द्यायची वेळ आली तर डोळ्यात गॅस आहे हे भूलतज्ज्ञाला सांगा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. तुमचा उपचार कोणत्या पॅकेजमध्ये बसतो, कुठल्या रुग्णालयात होतो आणि कागद कोणते लागतात, हे दाखल होण्याआधी त्यांना विचारा. नंतर पावत्या घेऊन फिरण्यात अर्थ नसतो.

पायरी ६: घरी काय करायचं

थेंबांनी, काढ्याने, डोळ्यांच्या व्यायामाने पडद्याचा हा आजार बरा होत नाही. गाजर खा, जरूर खा, पण त्याच्या भरवशावर तपासणी चुकवू नका. डोळ्यात मध किंवा कसला रस घालू नका.

खरा उपाय साखर आणि रक्तदाब. टाइप १ च्या रुग्णांवर झालेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत हा आजार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. रक्तदाबाचं महत्त्व लोकांच्या लक्षात कमी येतं. ब्रिटनमधल्या १९९८ च्या अभ्यासात रक्तदाब नीट ठेवलेल्या गटात आजार पुढे सरकण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी घटलं होतं. बहुतेकांसाठी एचबीए१सी सातच्या आसपास आणि रक्तदाब १३०/८० च्या आत हे लक्ष्य असतं. वयस्कांसाठी आणि हृदयरोग असलेल्यांसाठी डॉक्टर ते सैल करतात. रक्तातली चरबी तपासा, हिमोग्लोबिन तपासा, विडी-सिगारेट-तंबाखू-मिश्री सोडा. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी चालू असेल आणि मॅक्युलाला सूज निघाली असेल, तर आपल्या फिजिशियनच्या कानावर घाला. काहींत ती गोळी सूज वाढवते.

चालणं सगळ्यांना चांगलं. सिव्हिअर एनपीडीआर किंवा पीडीआर असेल तर मात्र जड वजन उचलणं, श्वास कोंडून जोर काढणं आणि शीर्षासनासारखी डोकं खाली करायची आसनं उपचार पुरे होईपर्यंत बंद ठेवा.

आठवड्यातून एकदा घरच्या घरी नजर पाहा, एका वेळी एकच डोळा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकून टाकतो, आणि महिनोन् महिने पत्ता लागत नाही. चौकटीच्या वहीचं पान घ्या, मधोमध पेनाने ठळक टिंब काढा. वाचायचा चष्मा लावून पान एक फुटावर धरा, एक डोळा तळव्याने झाका, टिंबाकडे पाहत राहा. रेघा वाकड्या दिसतात का? एखादी चौकट गायब आहे का? मग दुसरा डोळा. ही तपासणी सूज पकडायला उपयोगी, पण तिच्यात काही निघालं नाही म्हणून वार्षिक तपासणी टळत नाही.

त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे प्रसंग

एका डोळ्याची नजर अचानक, न दुखता, पूर्ण गेली तर ती पडद्याच्या मुख्य धमनीत गुठळी असू शकते. तो डोळ्याचा पक्षाघातच. हाताशी मोजके तास असतात. पक्षाघातावर उपचार करणारं मोठं रुग्णालय थेट गाठा, कारण मेंदूलाही धोका असतो.

डोळ्यापुढे अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, विजेसारखी चमक, कडेकडून सरकत येणारी सावली: ही पडदा फाटल्याची किंवा सुटू लागल्याची लक्षणं. पावसाळ्यात भिंतीच्या ओलीने पोपडा सुटावा तसा हा पडदा मागच्या थरापासून सुटत जातो. मॅक्युला सुटायच्या आत शस्त्रक्रिया झाली तर नजर बरीचशी परत मिळते. नुसता फाटला असेल आणि सुटला नसेल, तर लेसरवर काम भागतं. उणे सहाच्या पुढचा नंबर असलेल्यांनी, डोळ्याला मार लागलेल्यांनी आणि घरात कुणाचा पडदा सुटलेला आहे अशांनी ही लक्षणं पाठ ठेवावीत.

डोळ्यात लाल-काळे धागे किंवा धूर पसरल्यासारखं दिसलं तर रक्तस्राव. डॉक्टरकडे जाईपर्यंत डोकं उंच ठेवून बसा.

इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यात डोळा जास्त-जास्त दुखायला लागला, लाल झाला, नजर कमी झाली, तर जंतुसंसर्ग. हजारोंमध्ये एखाद्याला होतो, पण झाला तर रात्र उलटायची वाट पाहायची नाही. रविवार असो की सण.

इतर पडद्याचे आजार, थोडक्यात

अपुऱ्या दिवसांची बाळं. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायलाच हवा. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. काचेच्या पेटीतून बाळ सुखरूप घरी आलं या आनंदात ही तारीख निसटते, आणि मग काही आठवड्यांत कायमचं अंधत्व येऊ शकतं. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहून मागा.

लहान मुलाच्या फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल तर त्या आठवड्यातच डोळे दाखवा. डोळ्याच्या आतल्या गाठीची ती खूण असू शकते.

संधिवातासाठी किंवा मधुमेहासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनी सुरुवातीच्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडदा तपासावा. रोजची मात्रा वजनाच्या किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या आत आहे का, हेही पाहून घ्या.

उतारवयात मॅक्युला झिजते. त्यातल्या ओल्या, म्हणजे वाहिन्या पाझरणाऱ्या प्रकारावर तीच इंजेक्शनं चालतात, आणि रेघा वाकड्या दिसणं हे पहिलं लक्षण. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा फायदा या आजाराच्या मधल्या टप्प्यात दिसला आहे. मधुमेही पडद्यासाठी त्या विकत घेण्याची गरज नाही.

नजर आधीच गेली असेल तर

एका डोळ्याची गेली असेल तर उरलेल्या डोळ्यासाठी वरच्या सगळ्या पायऱ्या दुपटीने लागू आहेत. दोन्हींची कमी झाली असेल तर मोठ्या नेत्ररुग्णालयांत लो व्हिजन क्लिनिक असतं, तिथे उरलेल्या नजरेला साजेशी भिंगं, दिवे आणि वाचायची साधनं देतात. नेहमीच्या ओपीडीत हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून नाव घेऊन विचारा. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दृष्टिदोष ठरला तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी युडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या संकेतस्थळावर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जावं लागतं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासून असतं आणि ते फोनच्या स्क्रीनवरचा मजकूर मराठीतही वाचून दाखवतं. घरातल्या एखाद्या मुलाने किंवा नातवाने तासभर बसून ते सुरू करून दिलं, तर औषधांच्या वेळा, फोन आणि पुढच्या तपासणीची तारीख माणूस पुन्हा स्वतः सांभाळू शकतो.